चालेल

३ मार्च

आत्या,

नमस्कार. मायना धड लिहीत नाही म्हणून तू रागावतेस, पण आज तेवढं सोडून दे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

गेल्या गुरुवारी आपल्या धुलाईच्या कारखान्यात अपघात झाला. इस्त्रीच्या मोठ्या रुळात रेडिओचा उजवा हात गेला. रेडिओ म्हणजे तुझ्याच वेळची ती, चादरी रुळात सोडता सोडता दिवसभर बोलत असते. हे नाव तूच तिला दिलंस असं सगळे सांगतात. मी वरून खाली पोहोचलो तोवर फोरमनकाकांनी रूळ बंद करून तिचा हात सोडवला होता. तिला गाडीत घालून मीच हॉस्पिटलात नेलं. आपण ज्यांच्या चादरी धुतो, तेच हॉस्पिटल. तिला ज्या खाटेवर घेतलं तिच्यावरची चादर आपल्याकडूनच गेलेली होती. कोपऱ्यात आपली निळी खूण होती, घडीच्या रेघा सरळ होत्या. घडी चांगली पडली आहे, असं माझ्या मनात आलं. बाकी काहीच आलं नाही.

बोटं वाचली आहेत. पण हाताला स्पर्श कळेल की नाही, हे डॉक्टर आत्ताच सांगू शकत नाहीत.

सगळे म्हणतात, साहेब किती शांत राहिले. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनीसुद्धा मुद्दाम बोलावून कौतुक केलं. त्या दिवशीच्या चादरी संध्याकाळी ठरल्या वेळी त्यांच्याकडे पोहोचल्या होत्या. घरी येऊन मी जेवलो, झोप लागली. सकाळी बायकोने विचारलं, तू माणूस आहेस की इस्त्री? मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही.

रुळापुढची लाल पट्टी तुला आठवत असेल. हात लागला की रूळ जागच्या जागी थांबवते ती. ती पट्टी उशीच्या अभ्र्याच्या नाडीने वर बांधून ठेवलेली सापडली. वकील म्हणतात, चौकशीत सगळं त्या पट्टीवरच येणार. तो भाग ते बघताहेत. तू काळजी करू नकोस.

गुडघा कसा आहे?

तुझा,
घुम्या


९ मार्च

घुम्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून मी शाई घालवत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच बसून राहिले. शेजारीण भाजी घेऊन आली, तिने दोनदा हाक मारली म्हणे. मला कुठली ऐकू येतेय.

रेडिओचा उजवा हात! अरे, ती त्या हाताने बोलायची. डाव्या हातात चादरीचं टोक आणि उजवा हात हवेत. मी तिला ओरडायचे, आधी चादर सोड, मग सासूबद्दल सांग. तिची सासू आता आहे का? मुलं कोणाकडे आहेत? तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात चादरीच्या घड्या आहेत आणि तिच्या घरचं एक अक्षर नाही.

तू शांत राहिलास ते मात्र बरं केलंस. तुझा बाप असता तर त्याने आरडाओरडा करून अर्धी धुलाई रडवली असती आणि उरलेली अर्धी पळून गेली असती. खुर्चीवरच्या माणसाचे हातपाय गळून चालत नाहीत. लहानपणी तू दिवसच्या दिवस बोलायचा नाहीस, म्हणून तुला घुम्या म्हणायला लागलो. ती सवय कामाला आली म्हणायची.

पण एक कळलं नाही. पट्टी बांधलेली 'सापडली' म्हणजे काय? पट्टी काय मांजर आहे, कुठेतरी सापडायला? कोणीतरी स्टुलावर चढून, दोन हातांनी गाठ मारून ती बांधली असणार. रुळापाशी फोरमनला विचारल्याशिवाय कोणी पान हलवत नाही. आणि फोरमन वर विचारल्याशिवाय स्वतःची टोपीसुद्धा हलवत नाही, मी त्याला जन्मभर ओळखते. मग त्याने कोणाला विचारलं?

गुडघ्याचं काय घेऊन बसलास! तो दुखतो आणि मी त्याला शिव्या देते, दोघांचा वेळ जातो.

आत्या


१५ मार्च

आत्या,

रेडिओच्या घरचं लिहायचं राहिलं. मला माहीत नव्हतं. आता विचारून घेतलं. सासू आहे, मुलं तिच्याकडेच आहेत.

फोरमनकाकांनी मला विचारलं होतं.

सैल पडलेल्या स्प्रिंगमुळे चादर नुसती घासली तरी पट्टी खाली यायची आणि रूळ थांबायचा. दर थोड्या वेळाने तेच. मेकॅनिक सोमवारी येणार होता. अपघाताच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलच्या कचेरीबाहेर, व्हरांड्यात बसलो होतो. पुढच्या वर्षीचं काम आपल्याला मिळतं की दुसऱ्या कोणाला, ते आत ठरत होतं. काकांचा फोन आला. म्हणाले, पट्टी सारखी खाली येते, काम खोळंबतंय, सोमवारपर्यंत वर बांधून ठेवली तर चालेल का? तेवढ्यात आतून मला बोलावणं आलं. मी म्हणालो, "चालेल, चालेल," आणि फोन ठेवला.

मी नीट ऐकलं होतं का? पट्टी हा शब्द ऐकला होता. बांधून हा शब्दही बहुतेक ऐकला होता. पण दिवसातून शंभर वेळा मी चालेल म्हणतो. जेवण उशिरा झालं तर चालेल. रंग दुसरा लावला तर चालेल. त्याचा अर्थ एवढाच, की तुझं माझ्या कानावर आलं, आता पुढे जा.

वकिलांनी निवेदन तयार केलं आहे. संचालकांनी पट्टी बांधण्याचा कोणताही आदेश दिला नव्हता. संचालक त्या वेळी यंत्राजवळ नव्हते. पट्टी फोरमनने आपल्या हाताने बांधली. तिन्ही वाक्यं खरी आहेत. काकांना नोकरीवरून काढावं लागेल आणि चौकशी त्यांच्या नावावर चालेल. वकील म्हणतात, चालेल म्हणजे हुकूम नव्हे, ते नुसतं एक अव्यय आहे. ते क्रियापद आहे असं मी म्हणणार होतो, पण गप्प बसलो.

सही पुढच्या सोमवारी करायची आहे. सही केली नाही तर दंड, खटला, सगळं माझ्या नावावर येईल आणि हॉस्पिटलचं काम बहुधा हातचं जाईल. पन्नास घरांची चूल त्या कामावर आहे, हे वेगळंच.

तू विचारशील, मला काय वाटतं. आत्या, मला काहीच वाटत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा सगळाच झालो आहे. बोट लावलं तर कळतं की आपलंच आहे, पण आतून काही येत नाही.

घुम्या


१९ मार्च

घुम्या,

हे पत्र मी शेजारणीच्या मुलीकरवी लगेच टाकायला देते आहे, शनिवारच्या आत मिळावं म्हणून.

चालेल हा शब्द जगात सगळेच वापरतात, मान्य. पण आपल्या धुलाईत त्याला निराळा भाव होता. यंत्र दुरुस्त झालं, तरी मी चालेल म्हणेपर्यंत त्याचं बटण कोणी दाबत नसे. नवा साबण आला, दोर बदलला, चाक कुरकुरायचं थांबलं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी चालेल म्हटलं याचा अर्थ, बाई स्वतः आल्या, वाकल्या, हात लावून बघून गेल्या. फोरमनने उमेदवारी केली ती ह्या शब्दाच्या हाताखाली. त्याने तुला विचारलं, तू एकदा नाही, दोनदा म्हणालास. त्याच्या हिशेबी तू दोनदा बघून आलास. हे तुला कोणी सांगितलं नाही, हा तुझा दोष नाही. सांगायला पाहिजे होतं ते मी.

आता ऐक. बाई शिस्तीच्या, बाई बघितल्याशिवाय बोलत नाहीत, असं जे सगळे सांगतात ना, ते थोतांड आहे. मला ऐकू येत नव्हतं.

तुला वाटतं मी म्हातारपणी बहिरी झाले. मी तू शाळेत जायच्या आधीपासून बहिरी आहे. त्या यंत्रांनी माझे कान खाल्ले. बहिऱ्या बाईला कोणी काम दिलं नसतं, म्हणून तुझ्या बापालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. कोणी काही सांगायला आलं की त्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. मग मी एकच म्हणायचे, "चल, दाखव." जागेवर जाऊन बघितलं की कळायचं, हा काय म्हणत होता ते. लोकांनी त्याला शिस्त म्हटलं. मीही म्हणू दिलं, फुकटची शिस्त कोणाला नको असते? जाताना तुला किल्ल्या दिल्या, गिऱ्हाइकं दिली, टेबलाचा अडकणारा खण कसा उघडायचा तेही दाखवलं. हे मात्र द्यायचं राहिलं. आणि तू वरच्या मजल्यावर जाड काच लावून घेतलीस तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, ह्याचे तरी कान वाचतील.

वकिलाची तिन्ही वाक्यं खरी असतील. तू कानांवर हात ठेवलेस तर कायद्यात बसेलही. माझे कान खरोखर गेले होते, तरी मी त्यांच्यावर कधी हात ठेवले नाहीत. पन्नास घरांचं मला सांगू नकोस. फोरमनचं घर त्या पन्नासांतलंच आहे.

आणखी एक. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. अपघातानंतर तू त्या रुळापाशी गेलास असं दोन्हींत कुठेही नाही. रेडिओला भेटलास असंही नाही. गाडीतून नेलंस, चादर बघितलीस, संपलं. पहिल्या पत्राला मी शाबासकी दिली ती परत घेते. हे शांत राहणं नव्हे, हे बधिर होणं आहे. लहानपणी तू घुम्यासारखा बसायचास तेव्हा आम्ही हसायचो, पण आत काय चाललंय ते तुला तरी माहीत असायचं. मला तुझी भीती वाटते, बाळा.

सही तुझी आहे. मी सांगणार नाही.

आत्या


११ एप्रिल

घुम्या,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही.

काल फोरमन आला होता. हातात डझनभर केळी. मी विचारलं, आज कामावर नाहीस? म्हणाला, "सोडलं, बाई." त्याने तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. उलट मलाच समजावत होता, साहेबांवर रागावू नका, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मी विचारलं, साहेबांनी त्या कागदावर सही केली का? त्याने मान खाली घातली. म्हणाला, "ते माझ्या कानावर नाही, बाई." मान खाली घातलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं? मी समजले.

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, "आता घरात कोणी म्हणालं ना, चहा चालेल का, तरी मी उठून स्वैपाकघरात बघून येतो. बायको हसते." तो पण हसला. मला दार लावल्यावर रडू आलं.

भिंतीवर तुझा शाळेतला फोटो आहे, तो मी उलटा करून ठेवलाय. लाज वाटली मला. तुझी की माझी, ते अजून ठरायचं आहे.

केळी शेजारणीला दिली.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

फोटो सुलटा कर किंवा तसाच राहू दे, पण आधी हे वाच.

मी त्या कागदावर सही केली नाही. तुला कळवलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी धुलाई बंद होती, तेव्हा खाली गेलो. रूळ गार होता. एवढा गार मी तो कधी बघितला नव्हता. नाडी तपासनिसांनी नेली आहे, पण पट्टी जिथे बांधली होती तिथल्या पाइपाचा रंग खरवडला गेलाय. त्या जागेवर बोट ठेवून उभा राहिलो. मग स्टुलावर चढलो, आणि तिथून बघितलं तर रुळाचं तोंड अगदी खाली, उघडं दिसतं. कोणीही वर येऊन बघितलं असतं तर नको म्हणालं असतं. त्यासाठी यंत्राचं काही कळायची गरज नाही.

सोमवारी वकिलांकडे मी माझ्या हाताने दोन ओळी लिहिल्या. फोरमनने मला विचारलं. मी न बघता चालेल म्हणालो. वकिलांनी चष्मा काढला आणि म्हणाले, तुम्ही आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेताय. मी म्हणालो, असेल. त्यांनी माझं काम सोडलं. खटला माझ्या नावावर उभा राहणार आहे. हॉस्पिटलने अर्धं काम दुसरीकडे दिलं, उरलेलं अर्धं कधी जाईल सांगता येत नाही. आता एकच पाळी चालते. व्यवस्थापकांनी ह्या खेपेला कौतुक केलं नाही.

काकांना मी काढलं नाही. चौकशीचे लोक त्यांना पाइपापाशी उभं करून प्रश्न विचारत होते, त्याच दुपारी ते किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यांनी काम सोडलं ते माझ्यामुळे नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खरं नाही. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुढे केली, स्वतः उभेच राहिले. म्हणाले, "साहेब, मला वाटलं तुम्ही बघून आलात."

मी म्हणालो, "नाही, काका. मी तिथे नव्हतोच."

"मग म्हणालात कसं?"

रागाने नाही, आत्या. त्यांना खरंच ते कळत नव्हतं. न बघता माणूस तो शब्द कसा उच्चारू शकतो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. परत या म्हणालो, तर म्हणाले, "बघतो." ते येतील असं मला वाटत नाही. दोन ओळी लिहिल्या हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते केल्याचं श्रेय मागितल्यासारखं झालं असतं. तुझ्यासमोर त्यांनी मान खाली घातली, ती स्वतःच्या हाताने गाठ मारली म्हणून असावी.

मग रेडिओकडे गेलो. सासूने दार उघडलं. रेडिओ खिडकीपाशी बसली होती, हात मांडीवर, बँडेज निघालेलं. मी मनात जुळवून नेलेलं सगळं बोलून संपलं तरी ती गप्प. मग तिने तो हात पुढे केला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाली, "करंगळी दाबा."

मी दाबली.

"दाबलीत?"

"हो."

"जोरात दाबा की."

मी जोरात दाबली. माझं नख पांढरं झालं.

"दाबलीत का?" तिने पुन्हा विचारलं.

आणि मला रडू फुटलं. तिथेच, तिच्या सासूसमोर. दीड महिन्यात जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, मला आवरेना. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "साहेब, हात माझा आहे."

मी डोळे पुसले. तिने सासूला पाणी आणायला सांगितलं. धुलाईच्या काउंटरवर बसशील का, असं मी विचारलं, तर म्हणाली, आधी डाव्या हाताने वेणी घालता येऊ दे, मग विचारा. मी पुन्हा विचारणार आहे. ती नाही म्हणाली तरी पगार तिच्या घरी पोहोचेल, ते मी ठरवलं आहे. त्याने हात परत येत नाही, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रुळापाशी बोलावलं. यंत्रं बंद करायला लावली, कारण ओरडून सांगायचं नव्हतं. सांगितलं, काकांचा दोष नाही, मी न बघता चालेल म्हणालो. घड्या घालणाऱ्या बायकांतली सगळ्यात वयस्क बाई हात पुसत म्हणाली, "मग आता आम्ही कोणाचं चालेल खरं धरायचं?" आणि ती आपल्या टेबलाकडे गेली. नवी पट्टी बसली, तपासनिसांनी पास केली, तरी आठवडाभर रुळापाशी कोणी आपणहून उभं राहत नव्हतं. शेवटी मीच ओल्या चादरी सोडायला उभा राहिलो. चादर वाकडी जाते आणि सगळे बघत असतात. चार दिवसांनी एक जण शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, टोक असं धरतात."

मला बरं वाटतंय असं समजू नकोस. बहुतेक वेळ अजून तसाच असतो, दाढेच्या त्या गालासारखा बधिर. पण मधेमधे कळतं.

आज सकाळी वर बसलो होतो. खालून फोन आला. ड्रायरचं दार नीट लागत नाहीये, मेकॅनिक उद्या येतोय, आजचा दिवस चालेल ना? शब्द माझ्या जिभेवर आला होता, आत्या. अर्धा बाहेरसुद्धा पडला.

मी म्हणालो, "मला नीट ऐकू येत नाही. थांबा, खाली येतो."

दार खरंच लागत नव्हतं.

तुझा,
घुम्या